शिट्टी थांबली

सकाळी सातला गिरणीचा पट्टा फिरायला लागला की त्या घराचा दिवस सुरू व्हायचा. गिरणी पुढे, घर मागे, मध्ये एक दार. दार उघडं असो की बंद, पीठ घरात यायचंच. ते आरशावर बसायचं, घड्याळाच्या काचेवर बसायचं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शिवणीत जाऊन बसायचं. घरातली मुलगी वाचनालयात कामाला होती. घरी वाचायला नेलेलं पुस्तक परत करण्याआधी ती खिडकीबाहेर धरून झटकायची, तरी म्हातारे ग्रंथपाल पानं उलटून विचारायचेच, "काय मनीताई, या वेळी गहू की मका?"

मनी हे तिचं घरातलं लाडाचं नाव. वय सव्वीस झालं तरी ते चिकटून राहिलं होतं.

तिच्या आईचा जन्म जणू पिठातच गेला होता. लग्न होऊन आल्या दिवसापासून डबे भरणं, पीठ चाळणं, दगडांभोवतीची झाडलोट, सगळं तिच्याकडे. आणि रोज गिरणी थांबली की पीठ जिथून पडतं तिथली लांबलचक कापडी पिशवी काढून मागच्या मोरीत झटकायची. ते काम बायकांचं, असं त्या घरात कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं. पिशवी झटकून आई आत यायची तेव्हा भुवया, पापण्या, केस सगळं पांढरं. "बघ, फुकटात म्हातारी झाले," म्हणून हसायची, आणि हसता हसता खोकल्याची उबळ यायची.

खोकला होता, पण त्याहून वेगळं म्हणजे छातीत शिट्टी होती. श्वास सोडताना बारीक, लांबत जाणारी. सकाळी आणि पिशवी झटकल्यावर जास्त. आई तिची थट्टा करायची. "माझी दोन मांजरं. एक मनी बाहेर फिरते, एक आत गुरगुरतं."

घरात त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. विचारलं तर "घसा बसलाय" म्हणायचं. बारा वर्षं तिचा घसा बसलेला होता.

आणि डॉक्टरांकडे जायचे ते बाबा. घरातल्या बाईला डॉक्टरांपुढे बसवणं म्हणजे गावभर बभ्रा, असा त्यांचा समज. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ते उभ्या उभ्या सांगायचे, "बायकोला खोकला आहे, मागचंच द्या." कंपाउंडर मागचंच द्यायचा. तपकिरी, गोड, झोप आणणारं औषध. ते घेतलं की खोकला दबायचा, आई दुपारभर पेंगायची, आणि बाबा समाधानाने म्हणायचे, "उतार पडला." त्या बाईच्या छातीला बारा वर्षांत कुणी नळी लावली नव्हती. तिचा आजार नवऱ्याने सांगितला, कंपाउंडरने ऐकला आणि बाटलीने मिटवला.

बाबा वाईट नव्हते, हे इथे लिहायला हवं. बायकोसाठी ते थंडीत पहाटे उठून पाणी तापवायचे. पण चारचौघांत तिची शिट्टी वाजली की त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा व्हायचा. त्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे मनीच्या आत्याने, एक उपाय काढून दिला होता. आत्या दोन गल्ल्या पलीकडे मुलगा-सुनेकडे राहायची, पण भावाच्या घरात तिचा शब्द चालायचा.

"माणसं आली की गिरणी लाव," ती म्हणाली होती. "दळण नसलं तरी लाव. कुणाला ऐकू येतंय मग?"

तेव्हापासून ते ठरून गेलं. घरी कुणी आलं की आई आतल्या खोलीत आणि पुढे गिरणी चालू. भिंतीपलीकडून पीठ उडायचं, आईची शिट्टी वाढायची, ती वाढली म्हणून गिरणी आणखी चालू ठेवायची. ज्या धुळीने ती आजारी होती, त्याच धुळीखाली तिचा आजार झाकला जात होता. हे त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, असं नाही. मनीच्या आलं होतं. पण लक्षात येणं आणि उठून बटण बंद करणं यात फार अंतर असतं, आणि ते मनीने बरीच वर्षं कापलं नाही.

शेवटी एका शनिवारी तिने "आईला वाचनालय दाखवते" असं सांगून तिला बाहेर काढलं आणि थेट बाजारामागच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जिने चढताना आई तीनदा थांबली.

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. मनीने सांगितलेलं पिठाच्या पिशवीचं, तपकिरी औषधाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी आईच्या पाठीला नळी लावली, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग नळी काढून मनीच्या कानाला लावली.

मनी दचकली. बाहेर ऐकू यायची ती एकच शिट्टी. आत सगळी जत्रा होती. बारीक, जाड, किनऱ्या, फाटक्या, एकीत एक मिसळलेल्या कितीतरी शिट्ट्या.

"किती वर्षं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घसा बसतो हो जरा," आई म्हणाली.

"घसा इथे असतो." त्यांनी आईच्या गळ्याला बोट लावलं. "मी पाठीला ऐकतेय. दमा आहे तुम्हाला. पिठाचा."

आईने दाराकडे पाहिलं. कुणी ऐकलं तर नाही ना, असं.

त्यांनी दोन पंप लिहून दिले. एक रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा. दुसरा दम लागला की तेवढ्यापुरता. दुसऱ्याचे दोन झटके तिथेच घ्यायला लावले, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा नळी मनीच्या कानाला दिली. जत्रा पांगली होती. एक-दोन शिट्ट्या उरल्या होत्या, त्याही लांबवरच्या.

"थांबलं की!" मनी म्हणाली.

"आवाजावर औषध नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाज आवळलेल्या नळ्यांचा आहे. त्या मोकळ्या करायच्या. आणि नुसत्या आवाजावर जाऊ नका. एका दमात किती शब्द बोलता येतात ते बघत चला. पूर्ण वाक्य आलं तर ठीक. दोन-दोन शब्दांवर आली तर पंप द्या आणि लगेच घेऊन या. आणि ती पिशवी यांनी झटकायची नाही. ते तपकिरी औषध तर मुळीच नको, श्वास मंदावतो त्याने."

घरी येताना आई गल्लीच्या टोकापासून दारापर्यंत बोलत होती. भाजीवालीचं, शेजारणीच्या कुत्र्याचं, काहीही. मनी शब्द मोजत होती. अठरा. एकोणीस. बावीस.

दीड महिना बरा गेला. पिशवी मनी झटकायची. मग आत्याला कपाटात पंप सापडले.

"हे काय आणून ठेवलंय?" तिने ते दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखे धरले होते. "पंप म्हणजे शेवटचा इलाज गं! एकदा तोंडाला लागला की सुटत नाही. आणि मनीचं स्थळ बघायला लागलोय आपण. आई दमेकरी म्हटल्यावर मुलगीही दमेकरीच म्हणणार लोक. कोण करेल हिला?"

"आत्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या…"

"त्या तुझं लग्न लावून देणार आहेत का?"

बाबा खाली बघत म्हणाले, "रोजचा तरी बंद करू. आता बरी आहे ना ती? गरज पडली तर दुसरा आहे."

आईने वाद घातला नाही. तो तिला येत नव्हता. पिशवी पुन्हा तिच्या हातात आली, रोजचा पंप माळ्यावर गेला. मनी चार दिवस घरात कुणाशी बोलली नाही आणि पाचव्या दिवशी बोलायला लागली. कारण पाचव्या दिवशी एक स्थळ आलं.

मुलगा जमिनीची मोजणी करणारा. नकाशांसाठी वाचनालयात येऊन गेला होता. तिथे त्याने मनीला विचारलं होतं, "एवढी पुस्तकं नुसती देता की वाचताही?" आणि मग उत्तर नीट ऐकून घेतलं होतं. तिने काय वाचलं हे विचारणारा तो पहिलाच. मनीला ते स्थळ हवं होतं. पुढे तिने ही गोष्ट कधी नाकारली नाही. स्वतःशीही नाही.

मुलाकडचे रविवारी दुपारी चारला येणार होते. तीन दिवस घर झाडणं, पुसणं चाललं. सगळं पीठ आईनेच काढलं, कपाटांवरचं, पंख्याच्या पात्यांवरचं, खिडक्यांच्या फटीतलं. रविवारी सकाळी तिची शिट्टी शेजारच्या घरापर्यंत जात होती. ती पलंगाच्या कडेवर गुडघ्यांवर हात रोवून बसली होती.

"आई, बोल काहीतरी."

"काय… बोलू," आई म्हणाली. थांबली. "छान… दिसतेस."

दोन शब्द. मनी पंप घ्यायला वळली. तो जागेवर नव्हता.

"माझ्या पिशवीत आहे," आत्या म्हणाली. "दोन झटके देते, मग ठेवते माझ्याजवळ. पाहुण्यांच्या बायका घर बघायला आत येतात. उशाशी पंप दिसला की संपलं."

"आत्या, तिला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता."

बारा वाजत आले होते. बाबांनी घड्याळ पाहिलं. आणि मनीला जन्मभर पुरेल असं वाक्य आई बोलली, दर दोन शब्दांना थांबत. "चार तास… निघतील गं… माझ्यापायी… मोडू नकोस… मग जाऊ."

मनीने पंप दिला, शिट्टी जराशी उतरली. ती आईकडे बघत उभी राहिली. मग साडी बदलायला गेली.

तिच्या पाठीमागे आत्याने कपाटातली जुनी तपकिरी बाटली काढली आणि दोन मोठे चमचे आईला पाजले. "खोकला तरी दबेल," ती म्हणाली. हे मनीला संध्याकाळी कळलं.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. बाबांनी पुढे जाऊन गिरणी लावली. दळायला काही नव्हतं, म्हणून पोतंभर मका ओतला. भिंत थरथरू लागली. आत्या पिशवी मांडीवर घेऊन मुलाच्या आईशेजारी बसली. मनीने चहा आणला. तिला आतल्या खोलीचा दरवाजा दिसत होता. लोटलेला.

"आई दिसत नाहीत," मुलाची आई म्हणाली.

"काय?"

"म्हटलं, आई दिसत नाहीत!"

"घसा बसलाय तिचा!" आत्या ओरडून म्हणाली. "आवाजच नाही बिचारीला!"

मुलाचे वडील बराच वेळ कानामागे हात धरून बसले होते. अखेर हसत म्हणाले, "अहो गिरणीवाले, तुमची मुलगी काय म्हणते ते आम्हाला ऐकायचंय. मका काय म्हणतो ते नंतर ऐकू."

सगळे हसले. बाबांचा नाइलाज झाला. ते उठले, पुढे गेले. पट्टा मंदावला, दगड घरघरले आणि थांबले.

मनीने श्वास रोखला. आत्याने पिशवीवरची बोटं आवळली. बाबा दारात थबकले.

काहीच ऐकू आलं नाही. आतल्या खोलीतून शिट्टी नाही, खोकला नाही, काही नाही.

बाबांचा जीव भांड्यात पडला. तो पडलेला मनीला दिसला. आत्याने डोळ्यांनीच तिला खूण केली, बघ, म्हटलं होतं ना. आणि मनीलाही हायसं वाटलं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिट्ट्या पांगल्या होत्या तसंच झालं असेल, असं तिला वाटलं. उठून आत जावं, आईला एक वाक्य बोलायला लावावं, शब्द मोजावेत, हे तिच्या मनात आलं आणि त्याच वेळी मुलाने विचारलं, "सध्या काय वाचताय?" ती त्याला सांगू लागली. ती छान बोलली. पाऊण तास त्या घरात इतकी शांतता होती की चमच्याचा आवाज ऐकू येत होता.

पाहुणे उठले, होकार देऊनच उठले. मनी जवळजवळ धावत आत गेली.

आई तशीच पलंगाच्या कडेवर, गुडघ्यांवर हात. खांदे वर-खाली होत होते, गळ्यापाशी खड्डा पडत होता, पण आवाज येत नव्हता. ओठ निळसर. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी तिने मनीकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द एकही आला नाही.

आत्याच्या मांडीवरून पंप सहा पावलांत आला. आईला तो ओढता आला नाही. औषधाचा फवारा ओठांवरच विरून गेला.

रिक्षातून डॉक्टरीणबाईंकडे पोचायला दहा मिनिटं लागली. त्यांनी नळी लावली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यांनी प्राणवायू लावला, सुई टोचली, मदतनिसाला मोठ्या रुग्णालयाची गाडी बोलवायला पिटाळलं.

"सकाळी शिट्टी होती," बाबा मागून सांगत होते. त्यांना अजून वाटत होतं की ते चांगली बातमी देत आहेत. "आता पूर्ण थांबली, बाई. तासभर झाला. म्हणजे उतारच म्हणायचा ना?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "शिट्टी वाजायलाही वारा लागतो," त्या म्हणाल्या. "यांच्या छातीत वारा जातच नाहीये."

गाडी आली. आई त्या गाडीतून परत आली ती संध्याकाळीच, चादरीखाली झाकलेली.

तिसऱ्या दिवसापर्यंत घरात सगळ्यांना काय सांगायचं ते पाठ झालं होतं. हृदय बंद पडलं. अचानक. बसल्या जागी. हृदयाला त्या घराची हरकत नव्हती. हृदय कुणाचंही बंद पडतं, त्याने मुलींची लग्नं मोडत नाहीत. आत्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "पुण्यवान हो, आवाजसुद्धा केला नाही तिने."

चौथ्या दिवशी मुलाची आई भेटायला आली. बाबा उठून पुढे गेले. मनीला लख्ख दिसलं, ते गिरणी लावायला निघाले होते. सवयीने. दारापर्यंत जाऊन त्यांना आठवलं असावं की आता झाकायला काही उरलं नाही. ते परत येऊन बसले.

"किती शांतपणे गेल्या म्हणे," मुलाची आई मनीचा हात धरून म्हणाली. "आम्ही बाहेर बसलो होतो, आम्हाला पत्ताही नाही. हृदयाचं असंच असतं बाई."

"हृदयाचं नव्हतं," मनी म्हणाली.

"मने," आत्या म्हणाली.

"दमा होता. बारा वर्षं. तुम्ही आलात तेव्हा ती आत गुदमरत होती. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही गिरणी लावली होती, आणि तिचा पंप तुमच्या शेजारी होता, आत्याच्या पिशवीत."

मुलाच्या आईने हात सोडला नाही, पण तो सैल झाला. बाई सरळ होती. खोटं बोलायचं सुचलं नाही तिला.

"हे आधी कळलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर आम्ही आलोच नसतो."

"हो," मनी म्हणाली. "नसता आलात तर ती जिवंत असती."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ते वाक्य ऐकून बाबांनी तोंड झाकून घेतलं. मुलाची आई उठली, चपला घालताना एकदा मागे वळून पाहिलं, आणि गेली. त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. मुलाकडूनही नाही. त्यालाही नकाशे दुसरीकडून मिळाले असावेत.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले. "गेलेली परत आली का? तुझं मात्र वाटोळं केलंस."

मनी मोरीत गेली. खुंटीवरची कापडी पिशवी तिने काढली, बाहेर आणून बाबांच्या मांडीवर ठेवली. "उद्यापासून ही तुम्ही झटकायची," ती म्हणाली. "तोंडाला फडकं बांधून. आणि घरात कुणीही आलं तरी गिरणी फक्त दळणासाठी लागेल."

बाबांनी पिशवी खाली टाकली नाही. हातात घेऊन बसून राहिले.

आत्या निघाली तेव्हा मनी तिला पोचवायलाही उठली नाही. पण आत्या दारातून परत आली. भाऊ ऐकत नाही हे पाहून तिने आवाज खाली आणला. चार दिवसांत ती पहिल्यांदाच म्हातारी दिसत होती.

"मने, त्या डॉक्टरीणबाई… सकाळी असतात का गं?"

"कुणासाठी?"

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमच्या सुनेला. दोन वर्षं झाली. पहाटेचं वाजतं तिच्या छातीत. मी तेच तपकिरी देते तिला."

मनीला ओरडावंसं वाटलं. या बाईला सगळं माहीत होतं. स्वतःच्या घरात ती रोज पहाटे तोच आवाज ऐकत होती आणि इथे येऊन गिरणी लावायला सांगत होती. मनीच्या तोंडाशी आलेले शब्द आईहूनही मोठ्या माणसाला बोलायचे नव्हते. ती ते बोलली नाही. पण माफही केलं नाही, आणि पुढेही करणार नव्हती.

"अजून वाजतं ना?" तिने विचारलं.

"आज पहाटेही वाजत होतं."

"मग चला. आत्ताच."

"आत्ता? अगं, तिचा नवरा घरात आहे. त्याला सांगायचं काय? आणि गल्लीतले बघतील, चार दिवस नाही झाले सुतकाला… रुमालात लपवून आणता येतो ना तो पंप? तू कुणाला बोलू नकोस हं."

मनी पायात चपला सरकवत होती.

"बोलणार," ती म्हणाली. "नवऱ्याला बोलणार, गल्लीला बोलणार, वाचनालयात येईल त्याला बोलणार. तुम्ही पुढे व्हा, आत्या. तिला म्हणावं, मधल्या रस्त्याने जायचंय, सगळ्यांच्या देखत."